दस्तगीरचाचांचं कुलूप

परवा दुकानाच्या शटरची चावी मोडली. अर्धी कुलपात, अर्धी माझ्या हातात. आतला तुकडा कसाबसा चिमट्यानं काढला. नव्या पेठेत हल्ली एकजण मशीनवर चाव्या करून देतो, त्याच्याकडे घरची दुसरी चावी घेऊन गेले. त्यानं एकीकडे माझी चावी अडकवली, दुसरीकडे कोरी, बटण दाबलं, मशीन किंचाळलं आणि मी पर्स उघडेपर्यंत नवी चावी तयार. झाली होती चांगली, खोटं कशाला बोलू. पहिल्या झटक्यात फिरली. तरी दिवसभर मला आपलं चुकल्याचुकल्यासारखं होत राहिलं. संध्याकाळी कुठं डोक्यात प्रकाश पडला. त्या माणसानं मला काही विचारलंच नव्हतं! मी कोण, चावी कशाची, कुलूप कुणाचं, काही म्हणजे काही नाही.

दस्तगीरचाचांनी विचारलं असतं. इतकं विचारलं असतं की मी चिडले असते, आणि मग आमचं नेहमीसारखं भांडण होऊन दोघांनी चहा घेतला असता. चाचा आता बसायला येत नाहीत. घरीच असतात, आणि का असतात ते सांगायलाच हे लिहायला घेतलंय.

माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान. त्याच्या पायरीला लागून चाचांचं टेबल. टेबलावर लोखंडी शिकंजा, म्हणजे चावी घट्ट धरून ठेवायची पकड. शेजारी लहानमोठ्या कानशी, एका जुन्या डब्यात मेणबत्ती, आणि वर तारेच्या कडीत ओवलेल्या कोऱ्या चाव्या. डोक्यावर कुठल्याशा सिमेंटच्या जाहिरातीची फाटकी छत्री. चाचा अंगानं किडकिडीत. डोक्यावर पांढरी टोपी, चष्म्याला दोरी, आणि सोलापूरच्या मे महिन्यातसुद्धा मनगटापर्यंत बाह्यांचा शर्ट. बोटांची टोकं कायम काळी. मी म्हणायची, "चाचा, साबण परवडत नाही का?" ते म्हणायचे, "हा रंग जायाचा न्हाय आता. मयतीच्या दिवशी पण घासून थकतील."

मी दुकान घेतलं त्या उन्हाळ्यातच आमची पहिली खडाजंगी झाली. टेबलाच्या ड्रॉवरची चावी मी हरवली होती. गिऱ्हाईक ताटकळलेलं, लाईट गेलेली, घामानं जीव नकोसा झालेला. मी पायरीवरूनच ओरडले, "चाचा, जरा ड्रॉवर उघडून चावी करून द्या हो."

चाचा उठून आले. कुलपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आत काय हाय?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला कायबी करायचं न्हाय. तुमाला ठाव हाय का, ते बघायलोय."

असा माझा पारा चढला! "पंचिंग मशीन आहे, स्टेपलर आहे, अर्धी उरलेली शेंगाचटणी आहे आणि माझी चिडचिड आहे!"

"चिडचिड बाहेरच राहिली की," चाचा म्हणाले आणि खाली मांडी घालून बसले.

पुढं कळलं, हा त्यांचा रिवाजच होता. कुणीही येवो, अगदी ओळखीचा दुकानदार असो, पहिला प्रश्न तोच. आत काय हाय? मालक असला की तो चिडतो, नाहीतर हसतो, पण धडाधडा सांगतो. वरच्या फळीवर हे, कोपऱ्यात ते, आणि एक झाकण मोडलेला डबा. मालक नसला की तो विचार करून, सावकाश, मोठ्या मोठ्या वस्तू सांगतो. सोनं, कागदपत्रं, महत्त्वाच्या फायली. "मोडकं झाकण फकस्त मालकालाच ठाव असतंय," चाचा म्हणायचे.

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांचं काम जवळून पाहिलं आणि राग कुठल्या कुठं गेला. नमुन्याला चावी असली तर कुणीही दुसरी करील. दोन्ही शेजारी शेजारी शिकंज्यात धरायच्या आणि जुनीच्या खाचांबरहुकूम नवी घासायची. पण चावीच नाही, आणि कुलूपही फोडायचं नाही, मग? चाचांनी एक कोरी चावी निवडली, मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून तिच्यावर काजळी धरली. काळीभोर झालेली चावी कुलपात घातली आणि अगदी हलक्या हातानं दोन्हीकडे दाबून फिरवून बघितली. फिरली नाही, फिरणार नव्हतीच. बाहेर काढून मला दाखवली. काजळीवर बारीक बारीक चकाकते ठिपके उठले होते.

"आतल्या पिना टोचल्या बघा. जिथं चमकतंय तिथं घासायचं. उलीसंच. मग परत काजळी, परत आत. जिथं टोचायचं थांबलं, तिथं आपुन बी थांबायचं."

मी लाईट, गिऱ्हाईक सगळं विसरून उकिडवी बसून बघत राहिले. घास, काजळी, आत, बाहेर. घास, काजळी, आत, बाहेर. आणि मग एकदा चावी आत गेली आणि अशी फिरली जशी काही ती तिथलीच होती. मी टाळी वाजवली, खोटं नाही सांगत. आणि चाचा काय करतायत बघायला मान वळवली, तर हे बुवा ड्रॉवरकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभे!

"अहो, काय झालं?"

"तुमचा ड्रॉवर हाय. तुमी उघडा."

हाही रिवाजच. कपाट असो, पेटी असो, घर असो, चावी लागली की चाचा पाठ फिरवणार. मला आधीपासून नसत्या चौकशा करायची खोड. एकदा मी विचारलंच, "चाचा, सगळ्या सोलापूरची कपाटं तुम्ही उघडली. आत काय असेल ते बघावंसं वाटत नाही का हो कधी?"

"लई वाटतंय," ते म्हणाले. "म्हणून तर पाठ फिरवतो."

कुलपांना त्यांनी नावं ठेवली होती. कितीही काजळी धरा, लवकर खूण न देणारं कुलूप म्हणजे मामलेदार. "ह्येला दोनदा अर्ज करावा लागतोय." जरा हात लागला की उघडणारं म्हणजे पावणा. "बस म्हणायच्या आधी बसतंय आन् ऊठ म्हणायच्या आधी उठतंय." आणि बंद होताना गोड, उघडताना अडून बसणारं कुलूप म्हणजे सासूबाई. कुलपाशी बोलायचेही. गल्लीतल्या लोकांना त्याचं काही वाटायचं नाही. माझ्याकडे फॉर्म भरायला आलेला नवखा माणूस मात्र दचकायचा. "ए बाई, आता सोड की, किती ताणायलीस," असं पायरीखालून ऐकू आलं की त्याला वाटायचं मलाच कुणी बोलतंय.

मी एकदा हट्टाला पेटून त्यांच्याकडून शिकायला बसले. एक जुनं कुलूप घेतलं, काजळी धरली, चावी आत घालून मारली पिळवटून. चावी तिथंच तुटली. चाचांनी मुकाट्यानं चिमट्यानं तुकडा काढला. दुसरी दिली. तीही मी इतकी घासली की नुसती पट्टी उरली. "ताई," चाचा फार प्रेमानं म्हणाले, "तुमचा सोभाव बघता तुमी कुलपं करा. चाव्या नको." गल्लीत हा विनोद महिनाभर फिरला. पुढच्या पानवाल्यानंसुद्धा मला सोडलं नाही.

पण हाच गमत्या माणूस केव्हा दगड होईल सांगता यायचं नाही. एकदा एक चांगला इस्त्रीच्या कपड्यातला माणूस आला. खिशातून रुमालात गुंडाळलेली साबणाची वडी काढली. वडीवर चावीचा ठसा, दोन्ही बाजूंचा, अगदी रेखीव. "एवढ्यावरून करून द्या."

"कुलूप आना," चाचा म्हणाले.

"कुलूप दाराला आहे. कसं आणणार?"

"मग मी येतो की. मालकास्नी बी बोलवा."

तो माणूस गोड बोलला, मग वाढवून द्यायला लागला, मग जरा दमात घेऊन बोलला. चाचा ऐकून घेत होते. ऐकता ऐकता त्यांनी ती वडी हातात घेतली, वास घेतला, माझ्या दुकानाबाहेरच्या पाण्याच्या ड्रमपाशी गेले आणि निवांतपणे त्या साबणानं हात धुवायला लागले. कोपरापर्यंत. फेस काढून, बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून, सगळं नीट. मग ठसा पार गेलेली ओली वडी त्यांनी त्या माणसाच्या हातावर ठेवली. "साबण झ्याक हाय तुमचा." मला हसू आवरेना, मी झेरॉक्स मशीनमागं खाली बसले. आणि बोटं? ती काळीच राहिली होती.

जुळे सोलापूरच्या एका फ्लॅटमधला प्रसंग तर मी विसरणार नाही. घरात बाई एकटी असली की चाचा एकटे कधी जायचे नाहीत, मला बरोबर घ्यायचे. मी एका पायावर तयार, शटर अर्धं ओढून निघायची, मला काय, चौकशीची सोय! त्या घरात एक सासूबाई होत्या, म्हणजे कुलूप नव्हे, खऱ्याच. सुनेच्या कपाटाची चावी हरवलीय म्हणाल्या. सून कामाला गेलेली. चाचांनी कपाटाला हात लावून विचारलं, "आत काय हाय?"

"सोनं," बाई म्हणाल्या.

"आजून?"

"साड्या."

"वरच्या फळीवर कंच्या रंगाची साडी हाय?"

बाई एकदम भडकल्या. "माझ्या घरातलं कपाट आहे! मुलाच्या पैशानं घेतलेलं!"

"घर तुमचंच, कोन न्हाय म्हनतंय," चाचा म्हणाले. "पर भरलंय कुनी? जिनं भरलंय तिला येऊ द्या. मी जिन्यात बसतो." आणि खरंच जिन्यात बसले, मलाही बसवलं. सून आली. तिला काही माहीत नव्हतं, चावी तिच्या पर्समध्येच होती. तिनं आमच्याकडे बघितलं, सासूकडे बघितलं, आणि सगळं समजली. जाताना चाचा सासूबाईंना म्हणाले, "बाई, मागितली असती तर दिली असती तिनं. मला बोलवायचं काम नव्हतं." रस्ताभर मीच बडबडत होते.

आता खैरूनचाची. चाचांची बायको. दुपारी डबा घेऊन यायच्या, चालत, विजापूर वेशीकडून. ठेंगण्या, गोऱ्या, नाकात चमकी. त्या येतायत हे दिसायच्या आधी ऐकू यायचं, कारण कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा! मला आधी वाटलं, बाईंच्या दोन-चार चाळी असणार. होती दोन खोल्यांची जागा. झालं होतं असं की, घासताना बिघडलेली चावी चाचा टेबलावर कधी ठेवायचे नाहीत. अर्धी झालेली चावी कुणाच्या हाती लागू नये म्हणून घरी न्यायचे. आणि चाची ती फेकून द्यायच्या नाहीत. कमरेला लावायच्या. लग्न झाल्यापासून. त्यात घराच्या कुलपाची खरी चावी एक, पेटीची एक, चाचांच्या सायकलीची एक, आणि बाकीच्या सगळ्या नवऱ्याच्या चुका.

"इनका हात बिगड़ता, मेरा जेवर बढ़ता," चाची मला डोळा घालून सांगायच्या. चाचा खाली मान घालून भाकरी मोडत बसायचे, कान लाल.

डबा दिला की चाची माझ्या दुकानात पंख्याखाली बसायच्या. मी मराठीत, त्या दखनीत, आमचं जमायचं छान. एकदा त्यांनी डबा उघडला तर आत काहीच नव्हतं. धुतलेला, पुसलेला, रिकामा. आम्ही तिघंही हसलो. पुढच्या आठवड्यात डब्यात कच्चं पीठ निघालं, तेव्हा चाचा हसले नाहीत.

मग एक दिवस चाचांच्या मोबाइलवर शेजाऱ्यांचा फोन आला. चाचा कानस टाकून सायकलवर गेले. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, येईल त्या दिवशी आख्खी गल्ली कामाला लागते. त्या दिवशी पाण्याचा वार नव्हता, तरी चाची घागर घेऊन नळावर गेल्या होत्या. जाताना सवयीनं कडीला कुलूप दाबून गेल्या. परत आल्या आणि कुलूप काही उघडेना. जुडग्यातली ही लाव, ती लाव. एकही लागेना. मग चाचींना वाटलं, हे आपलं घरच नाही. रस्त्यात उभ्या राहून रडायला लागल्या.

"मी जाऊन उघडलं," चाचा मला सांगत होते. "तर आत येईना. म्हनली, ये मेरा घर नै. मेरा होता तो मेरी चाबी लगती थी ना. मी म्हनलो, अगं, मी हाय. तर म्हनली, तुमी ताले खोलनेवाले है, तुमना क्या, कोनसा बी घर खोलते."

मी चहा सांगितला.

आता हा माणूस करणार काय, तर त्याला येत होतं तेच. पहिल्यांदा त्यांनी ठरवलं की चावीच झिजली असणार. नवी केली, चकचकीत. तरी तेच. मग म्हणाले, कुलूप गंजलंय. तेल सोडलं. मग कुलूपच बदललं. मग खऱ्या चावीला लाल दोरा बांधला. चाचींनी सगळ्याच चाव्यांना लाल दोरे बांधून टाकले, छान दिसतात म्हणून! इतका हुशार कारागीर, पण दोष कुलपात किंवा चावीतच असणार, दुसरीकडे असूच शकत नाही, यावर अडून बसलेला. मला बघवेना. शेवटी मीच त्यांना ओढत डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर समजूतदार होते. हा विसरण्याचा आजार आहे, वाढत जाईल, सवयीची जागा आणि सवयीची कामं जेवढी राहतील तेवढी राहू द्या, म्हणाले. चाचा बाहेर येऊन बाकावर बसले. "म्हंजी चावी बरोबरच होती," एवढंच बोलले.

त्यांचा मुलगा अल्ताफ पुण्याला असतो, नोकरीला. तो रोज फोन करायचा. माझ्यासमोरच बोलणं व्हायचं, म्हणून मला माहीत. "अब्बा, तुम्ही जाताना बाहेरून कुलूप लावत जा. नाहीतर अम्मी एक दिवस कुठं जाईल, सापडायची नाही."

"कुलूप सामानाला लावत्यात, बेटा."

"मग तिला माझ्याकडे पाठवा."

चाचा फोन कानाला धरून दुसऱ्या हातानं शिकंज्यातली चावी घासत राहायचे. अल्ताफचं काय चुकत होतं? काळजीच करत होता बिचारा. पण पुण्यात चौथा मजला, एकसारखी दारं, जिन्यात कुणाला कुणाची ओळख नाही. इथं निदान नळ कुठं, मशीद कुठं, माझं दुकान कुठं, हे चाचींच्या पायांना ठाऊक होतं. तिथं गेल्या की त्या संपल्या, हे चाचांना कळत होतं. आणि चाचांवाचून त्या राहणार कशा आणि त्यांच्यावाचून चाचा, हे कुणी बोलतच नव्हतं. अल्ताफनं शेवटी सांगून टाकलं. "रविवारी गाडी घेऊन येतो. अम्मी स्वतःच्या घरात स्वतः जाऊ शकत नसेल, तर मी तिला घेऊन जाणार."

मी चाचांना म्हटलं, "तो जुडगाच काढून घ्या की. एकच चावी ठेवा गळ्यात."

"काढला होता की. दोन दिवस जेवली न्हाय. कमरेला हात लावून फिरत होती घरभर."

"मग कुलूपच लावू नका! दार उघडं ठेवा."

"ते बी केलं, ताई." चाचांना इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरासं हसू आलं. "नळावरनं आली, दार उघडं बघितलं, म्हनली, कुनाचं तरी घर उघडं पडलंय. आन् राखण करत बाहेर बसली. उन्हात. मी येईस्तोवर."

शुक्रवारी दुपारी नमाजाहून आल्यावर चाचांनी गिऱ्हाईक घेतलं नाही. घराचं नवं गोल पितळी कुलूप शिकंज्यात धरलं आणि खोलायला लागले. मला वाटलं, परत तेल. पायरीवर बसून बघायला लागले. त्यांनी आतली पहिली पिन बारीक चिमट्यानं उपसली, तिची स्प्रिंग उपसली आणि डब्यात टाकली. मग दुसरी. मग तिसरी. एकेक करून सगळ्या. चांगल्या, नव्या कुलपाचं पोट त्यांनी रिकामं केलं आणि वरून परत बंद करून टाकलं. मग चाचींचा जुडगा काढला, धुवून देतो म्हणून मागून आणलेला. एकेक चावी त्या कुलपात घालून बघायला लागले. बहुतेक जात होत्या. ज्या अडत होत्या त्या कानशीनं पातळ करत होते. सायकलीची चावी, पेटीची चावी, आजवरच्या सगळ्या चुका.

"चाचा, हे काय चाललंय?"

त्यांनी कुलूप दाबून बंद केलं आणि जुडगा माझ्या हातात दिला. "कंची बी घाला."

मी डोळे मिटून एक घातली. फिरली. दुसरी घातली, फिरली. "अहो, हे काय कुलूप आहे? उद्या कुणीही येऊन उघडेल!"

"दिसायला कुलूप हाय. दाबलं की वाजतंय बी. आजून काय पायजे?"

"आणि चोर?"

"चोराला सांगा, आत काय हाय ते," चाचा म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले. पुसून झाला तरी पुसतच होते. आयुष्यभर ज्यानं एका कुलपाला एकच चावी लागली पाहिजे म्हणून डोळे फोडले, त्यानं हे करावं! मी उठून आत गेले, कारण मला रडू येत होतं, आणि मला रडताना कुणी बघितलेलं मला खपत नाही.

रविवारी चाचांनी मला मुद्दाम बोलावलं. "तुमी असला की ती खुशीत असतीया." मी सकाळीच गेले, चाचींना घेऊन बाजारात हिंडले, मेथी घेतली, कोथिंबीर घेतली. चाचाही मागून पिशवी घेऊन चालत होते. चाचींचं आपलं मजेत चाललं होतं. एकदा मला माझ्या नावानं हाक मारली, एकदा त्यांच्या बहिणीच्या नावानं. मी दोन्हींना ओ दिली.

गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी उभी होती, भाड्याची, ड्रायव्हरसकट. दाराशी अल्ताफ. उंचापुरा, डोळ्यांखाली काळं, प्रवासानं चुरगळलेला. चाचींनी त्याला बघितलं. ओळखलं की नाही कोण जाणे, पण गालावरून हात फिरवला. मग दाराकडे वळल्या. कुलूप बघितल्यावर त्यांचा चेहरा पडला. ते आम्ही तिघांनीही पाहिलं.

चाचांनी आधी शर्टाचा खिसा चाचपला. मग पँटचा एक. मग दुसरा. "चावी दुकानातच राहिली की गं," ते म्हणाले.

चाचींनी कपाळावर हात मारला. "रोज का रोज! सारे सोलापूर को चाबियां बना के देते और अपनी भूलते!" आणि कमरेचा जुडगा काढून पुढं झाल्या. चाव्या चाळल्या, एक वेगळी केली. ती सायकलीची होती, मलाही कळलं. चाचींनी ती कुलपाला लावली. अल्ताफ पुढं सरकला, "अम्मी, ती नाही, ती सायकल..." चाचांनी त्याचं मनगट धरलं. इतकं घट्ट की त्याच्या हातावर काळी बोटं उठली.

कुलूप उघडलं.

चाचींनी ते कडीत अडकवलं, दार ढकललं आणि कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे वळल्या. "मैं नै रहती तो क्या होता जी तुमारा?"

"रस्त्यावर बसलो असतो," चाचा म्हणाले. परत म्हणाले, "रस्त्यावरच."

चाची आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. अल्ताफ चावीवाल्याचा मुलगा, त्याला काय समजायचं राहणार? त्यानं कुलूप हातात घेतलं, दाबून बंद केलं, स्वतःच्या खिशातली कुठलीशी चावी काढून आत घातली आणि फिरवली. कुलूप उघडलं. तो बापाकडे बघत राहिला.

"अब्बा, हे तुम्ही बिघडवलंय?"

"हौ."

अल्ताफनं ते कुलूप परत कडीत अडकवलं. मग गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेला आणि ड्रायव्हरला काहीतरी बोलला. गाडी वळली आणि निघून गेली. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. म्हणाला, "मी चार दिवस राहतो. पण एक सांगतो अब्बा, उद्यापासून तुम्ही टेबल लावायचं नाही. कुलूप कसलंही असू दे, तुम्ही तिच्याबरोबर पाहिजे."

चाचांनी मान हलवली. इतक्या वर्षांचं टेबल एका मान हलवण्यात गेलं. तेवढ्यात आतून चाचींची हाक आली, ठणठणीत, एखाद्या भरल्या घरातल्या बाईसारखी.

"बाहर कायको खड़े सब? अंदर आओ ना! अपनाच घर है!"

चाचा पिशवी तिथंच टाकून सगळ्यांच्या आधी आत गेले.